विनाचौकशी राजबंदी : एका जुन्या कायद्याची वंशावळ

दहशतवादाच्या बंदोबस्तासाठीं केलेले कायदे प्रजेच्या स्वातंत्र्यास व सरकारशीं मतभेद दाखविण्याच्या हक्कास कितपत बाधक होतात, हा प्रश्न सांप्रत वर्तमानपत्रांत व न्यायकचेऱ्यांत वारंवार निघतो. वाद करणारे दोन्ही पक्ष तो नवाच उपस्थित झाला असें समजून बोलतात. परंतु या कायद्यांचा मूळ पुरुष शोधूं गेल्यास तो दोनशें वर्षांपलीकडे सांपडतो, आणि त्याचा जन्म मराठी राज्याच्या अखेरच्या युद्धाच्या धामधुमींत झालेला आहे. तेव्हां जुन्या कागदांत रमणाऱ्या वाचकांनीं त्याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं. प्रस्तुत लेखांत या घराण्याची वंशावळ लावण्याचा प्रयत्न केला असून, वादी-प्रतिवादींच्या भाषणांपेक्षां कलमें, तारखा व घडलेलीं उदाहरणें यांवर भिस्त ठेवली आहे.

मूळ कायदा म्हणजे बंगाल इलाख्याचें सन १८१८ चें तिसरें रेग्युलेशन. याची तारीख ७ एप्रिल १८१८. ही तारीख मराठ्यांच्या शकावलींत बसवून पाहावी. कोरेगांवची लढाई १ जानेवारीस झाली. एल्फिन्स्टनचा साताऱ्याचा जाहीरनामा ११ फेब्रुवारीचा. २० फेब्रुवारीस अष्टीस बापू गोखले पडले. मार्चच्या मध्यास नागपुरीं रेसिडेंट जेंकिन्स यानें अप्पासाहेब भोसल्यांस कैद केलें. पुढें मे महिन्यांत रायगड पडला, त्याच महिन्यांत अप्पासाहेब प्रयागच्या वाटेवर पहाऱ्यांतून निसटले, आणि ३ जून रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. म्हणजे हें रेग्युलेशन लिहिलें गेलें तेव्हां एक राजा कैदेंत होता, दुसरा रानोमाळ पळत होता, आणि त्यांचे सरदार, कारभारी व किल्लेदार यांचें काय करावें हा प्रश्न गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्यापुढें उभा होता. रेग्युलेशनांत मराठ्यांचें नांव नाहीं. परंतु दोस्त राजांशीं झालेले तह, संरक्षणाखालील संस्थानांतील शांतता, परकी शत्रु आणि अंतर्गत दंगा हीं जीं कारणें त्याच्या प्रस्तावनेंत क्रमानें सांगितलीं आहेत, तीं त्या वर्षीं कोणाकडे बोट दाखवीत होतीं हें सांगावयास नको.

प्रस्तावनेंतील खरें मर्म मात्र पुढच्या वाक्यांत आहे. त्याचा भावार्थ असा कीं, ज्यांच्यावर न्यायाच्या कचेरींत फिर्याद चालविण्यापुरता आधार नसेल, किंवा तशी चौकशी त्या प्रकरणास सोईची नसेल, किंवा अन्य कारणानें ती इष्ट नसेल, अशा इसमांसही राज्यकारणास्तव अटकेंत ठेवण्याची वेळ केव्हां केव्हां येते. पुरावा नसणें ही एऱ्हवीं आरोपीच्या सुटकेची सबब. येथें तीच त्याच्या कैदेची सबब झाली. मुदत ठरलेली नाहीं, आरोपपत्र नाहीं, साक्षी नाहींत. गव्हर्नर जनरल इन कौन्सिलच्या सहीचें वॉरंट हाच सर्व आधार.

कायदा लिहिणारे अगदींच निष्ठुर होते असें मात्र म्हणतां येत नाहीं. ज्या अंमलदाराच्या ताब्यांत राजबंदी असेल त्यानें दर सालीं १ जानेवारीस व १ जुलैस त्याची वर्तणूक, प्रकृति व सोय यांविषयीं सरकारास लिहावें, म्हणजे कैद पुढें चालवावी कीं नाहीं याचा विचार होईल. कैद्याचा अर्ज आल्यास तो वर धाडावा. त्याच्या व कुटुंबाच्या योगक्षेमासाठीं दर्जाप्रमाणें नेमणूक मिळते कीं नाहीं हें कळवावें, अशीं कलमें त्यांत आहेत. हीं कलमें वाचतांना पेशवाईंतील किल्ल्यांवरच्या कैदेची आठवण झाल्याशिवाय राहात नाहीं. तुळाजी आंग्रे वर्षानुवर्षें किल्ल्यांवर राहिला. सखारामबापू बोकिलांसारखा मुत्सद्दी प्रतापगड-रायगडावर खितपत पडला. खुद्द नाना फडणीस अहमदनगरच्या किल्ल्यांत जाऊन आले. त्यांची चौकशी कोणत्या न्यायसभेनें केली होती? तेव्हां विनाचौकशी अटक ही कंपनी सरकारनें नवी आणली, असें अभिमानाच्या भरांत कोणी लिहील तर तें इतिहासास धरून होणार नाहीं. फरक आहे तो दुसरा. धन्याची मर्जी ही त्या धन्याबरोबर संपते, व ती फिरूं शकते. कंपनीनें त्या मर्जीस कलमें दिलीं, तारखा दिल्या व कायद्याच्या पुस्तकांत जागा दिली. पुस्तकांतील जागा माणसांपेक्षां जास्त टिकते, आणि तीच येथें अडचण झाली.

त्रिंबकजी डेंगळे हें या काळाचें ठळक उदाहरण. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरास २० जुलै १८१५ रोजीं खून झाला. त्रिंबकजीस ठाण्याच्या किल्ल्यांत ठेवलें. तेथून तो सप्टेंबर १८१६ मध्यें पळाला. बाहेरच्या मोतद्दारानें गाण्यांतून त्यास खूण दिल्याची कथा बिशप हीबरनें लिहून ठेविली आहे, आणि ती वाचकांच्या परिचयाची असेल. १८१८ सालीं तो पुन्हां सांपडल्यावर त्यास बंगाल इलाख्यांतील चुनारगडावर नेलें, व १८२४ सालीं हीबरनें त्यास तेथेंच पाहिलें. शास्त्र्यांच्या खुनाचा खटला त्याच्यावर कधींच चालला नाहीं. त्यामुळें त्याचा त्या खुनांत किती हात होता, बाजीरावांचा किती, आणि दोघांचाही नव्हता काय, यावर आमच्या इतिहासलेखकांनीं शंभर वर्षें शाई खर्च केली. त्रिंबकजी निरपराधी होता असें सुचविण्याचा येथें हेतु नाहीं. सांगणें एवढेंच कीं, खटला न चालविल्यामुळें कैद्याचें नुकसान होतें तसें सत्याचेंही होतें. हा मुद्दा पुढें नातूंच्या प्रकरणीं लागेल.

मद्रासेनें १८१९ चें दुसरें रेग्युलेशन करून बंगालचा कित्ता गिरविला. मुंबई इलाख्यांत एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेंत पंचविसावें रेग्युलेशन आलें. त्याच्या मथळ्यांत राजबंदींच्या कैदेबरोबर सरदार वगैरेंच्या जमिनींची जप्ती हाही विषय घातलेला आहे. दक्षिणेंत सरदार, जहागिरदार व इनामदार यांचें जाळें होतें; त्यांना धाकांत ठेवण्यास बेडीपेक्षां इनामाची जप्ती अधिक उपयोगी, हें एल्फिन्स्टनइतकें दुसऱ्या कोणास कळणार?

यावर हेबियस कॉर्पस हा उपाय होता काय? हा प्रश्न मुंबईंत लगेच पुढच्या वर्षीं, निराळ्या प्रकरणांत, निघाला. पुण्याच्या मोरो रघुनाथ नांवाच्या अल्पवयी मुलास त्याचे वडील नातलग पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यांतून सोडवून मुंबईस हजर करावें, असा हुकूम १८२८ सालीं तेथील सुप्रीम कोर्टानें काढला. ठाण्याच्या तुरुंगांतील दुसऱ्या एका कैद्याविषयींही तसाच हुकूम निघाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें हे हुकूम बजावूं देण्याचें नाकारलें. सर जॉन पीटर ग्रँट हा त्या वेळीं कोर्टांत एकटाच न्यायाधीश उरला होता. आपल्या हुकमाचा मान राहात नाहीं म्हणून त्यानें एप्रिल १८२९ मध्यें सरळ कोर्टच बंद केलें! प्रिव्ही कौन्सिलनें त्याच वर्षीं निकाल दिला तो सरकारच्या बाजूचा : मुंबई बेटाबाहेरील एतद्देशीय लोकांवर, किंवा मुलकी अदालतींच्या तुरुंगांतील कैद्यांवर, त्या कोर्टाचा असा अधिकार नाहीं. हें भांडण राजबंदींचें नव्हतें. पण ज्या दरवाजानें राजबंदी बाहेर येऊं शकला असता तो पुण्याच्या बाजूनें बंद झाला, तो असा.

कलकत्त्यास तो १८७० सालीं बंद झाला. अमीरखान नांवाच्या वहाबी पंथाच्या व्यापाऱ्यास तिसऱ्या रेग्युलेशनाखालीं पकडलें होतें. त्याच्या बाजूनें मुंबईचे बॅरिस्टर अँस्टी हे मुद्दाम कलकत्त्यास गेले व त्यांनीं मोठी झुंज दिली. परंतु हायकोर्टाचे न्यायमूर्ति नॉर्मन यांनीं सुटकेचा हुकूम देण्याचें नाकारलें. दोन वर्षांनीं पंजाबांतील कूका पंथाचे गुरु रामसिंग यांस याच रेग्युलेशनाखालीं ब्रह्मदेशांत धाडण्यांत आलें. राजेरजवाडे व त्यांचे कारभारी यांच्यासाठीं घडविलेलें हत्यार आतां व्यापाऱ्यावर व धर्मगुरूवर चालूं लागलें. कलमांतलें एक अक्षरही त्यासाठीं बदलावें लागलें नाहीं.

आतां नातूबंधूंचें प्रकरण. हें जरा विस्तारानें सांगतों, कारण विनाचौकशी कैद मतभेदास कशी गांठते हें त्यांत स्वच्छ दिसतें.

१८९७ च्या प्रारंभीं पुण्यांत प्लेग वाढला. रँडच्या अध्यक्षतेखालील कमिटीनें गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या चालविल्या. शिपायांच्या वर्तनाविषयीं शहरांत संताप झाला. सरदार बाळासाहेब नातू यांनीं याविषयीं अधिकाऱ्यांकडे तक्रारी गुदरल्या. २२ जून रोजीं रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागींच मेला, रँड ३ जुलैस मरण पावला. २७ जुलैस मुंबईंत टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून पकडलें, आणि दुसऱ्या दिवशीं पुण्यांत बाळासाहेब व तात्यासाहेब या नातूबंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं उचललें. मिळकतीवर जप्ती बसली. सत्तर वर्षें झोंपलेला कायदा जागा झाला तो असा.

यांतील दैवदुर्विलास पाहण्याजोगा आहे. हे नातू बाळाजीपंत नातूंच्या घराण्यांतले. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लावणारे म्हणून बाळाजीपंतांस महाराष्ट्र ओळखतो. ज्या युद्धांतील सेवेनें त्या घरास वैभव आलें, त्याच युद्धाच्या धुरळ्यांतून निघालेल्या कायद्यानें नातवा-पणतवांच्या काळांत तें वैभव जप्त केलें. सरकारची मर्जी हाच ज्या इनामाचा पाया, त्या इनामास मर्जीच्या कायद्यापासून संरक्षण कोठून मिळावें?

टिळकांच्या व नातूंच्या अटकेंत एका दिवसाचें अंतर आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनें तें फार मोठें आहे. टिळकांचा खटला ८ सप्टेंबरपासून मुंबई हायकोर्टांत चालला. न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ‘अप्रीति’ म्हणजे ‘प्रीतीचा अभाव’ असा अर्थ ज्यूरीस सांगितला, १४ तारखेस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. निकाल अन्यायाचा होता, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. परंतु आरोप काय होता, कोणते लेख पुढें केले, कोणत्या शब्दांवर वाद झाला, न्यायाधीश कोठें चुकले, हें सर्व छापलेलें आहे व आजही तपासतां येतें. नातूंच्या बाबतींत तपासावें काय? त्यांनीं काय केलें असा सरकारचा समज होता, हें त्यांच्यापुढें कोणत्याही कोर्टांत मांडलें गेलें नाहीं. लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारास संशय होता एवढेंच समजतें. पार्लमेंटांत सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारख्या सभासदांनीं हा विषय काढला. अमरावतीच्या डिसेंबर १८९७ च्या काँग्रेसमध्यें तिन्ही इलाख्यांच्या या रेग्युलेशनांविरुद्ध आवाज उठला. तरी आरोप म्हणून कांहीं बाहेर आलें नाहीं.

कोणी म्हणेल कीं, खुनी मोकळे फिरत असतां सरकारनें संशयितांस धरलें यांत नवल काय? हें म्हणणें ऑक्टोबरपर्यंत ऐकून घेतां येईल. त्या महिन्यांत दामोदर चापेकर सांपडला. त्याच्यावर खटला झाला. १८ एप्रिल १८९८ रोजीं त्यास फांशीं दिलें. त्याचे बंधुही पुढें त्याच मार्गानें गेले. खुनाचा उलगडा साध्या फौजदारी कायद्यानें, उघड्या कोर्टांत, साक्षीपुराव्यानें झाला. नातू मात्र सुटले नाहींत. तुरुंगांतून त्यांना बेळगांवास नेऊन देखरेखीखालीं ठेवलें, व संपूर्ण मोकळीक १८९९ मध्यें मिळाली. ज्या गुन्ह्यामुळें अटक झाली असें मानावें, त्याचा गुन्हेगार सांपडल्यानंतरही जी कैद चालू राहते, तिचें कारण तो गुन्हा नसतो. मग उरतें काय? शिपायांच्या वर्तनाविषयीं केलेल्या तक्रारी, शहरांतलें वजन, आणि सरकारास न आवडणाऱ्या मंडळींत ऊठबस. १८९८ सालीं राजद्रोहाचें १२४अ कलम अधिक रुंद करण्यांत आलें, तेंही याच प्रकरणांच्या मागोमाग, हें येथें नमूद केलें पाहिजे.

पुढचा वंशविस्तार थोडक्यांत सांगतां येतो. १९०७ च्या मे महिन्यांत लाला लजपतराय व अजितसिंग यांस तिसऱ्या रेग्युलेशनाखालीं मंडालेस नेलें. १९०८ च्या डिसेंबरांत अश्विनीकुमार दत्त वगैरे नऊ बंगाली पुढाऱ्यांस. महायुद्धांत १९१५ चा हिंदुस्थान संरक्षण कायदा झाला. युद्ध संपल्यावर तो जाणार म्हणून त्याची जागा भरण्यासाठीं रौलट कमिटी बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर बेझिल स्कॉट हेही तिचे सभासद होते. तिच्या १९१८ च्या रिपोर्टाचें पहिलें प्रकरण मुंबई इलाख्यावर आहे, आणि त्याचा आरंभ पुण्याचे उत्सव व चापेकर यांपासून होतो. गणपतीचे मेळे आणि पिस्तुलें यांना एकाच सूत्रांत ओंवण्याची ही रीत इतिहास म्हणून कच्ची आहे. पण तिच्यावर कायदा उभारला गेला. १९१९ चा तो अकरावा कायदा मंजूर होतांना कौन्सिलांतील निवडून आलेल्या हिंदी सभासदांनीं एकमुखानें विरोध केला, आणि जिना व मालवीय यांनीं राजीनामे दिले. त्यांतून काय काय झालें तें सर्वश्रुत आहे. कायदा वापरांत न येतांच १९२२ सालीं रद्द झाला.

पण मूळ पुरुष जिवंतच होता. १९२२ सालीं गांधींवर अहमदाबादेस रीतसर खटला चालला, तेव्हां त्यांच्या जबाबानें सरकारच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहिल्यासारखें झालें. १९३० सालीं मिठाचा कायदा त्यांनीं उघड उघड मोडला होता. पुराव्याची वाण मुळींच नव्हती. तरीही ५ मे रोजीं मध्यरात्रीं कराडी येथें त्यांना पकडलें तें एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं, सरकारची मर्जी असेपर्यंत येरवड्यास ठेवण्यासाठीं. जानेवारी १९३२ मध्यें मुंबईस पुन्हां तेंच रेग्युलेशन लागलें. पुरावा भरपूर असतांनाही विनाचौकशीचा मार्ग कां पत्करला? खटल्यांत आरोपीस बोलतां येतें, हेंच त्याचें कारण असावें, असें आमचें अनुमान आहे.

स्वराज्यांत हा वंश खुंटला असता तर हा लेख येथेंच थांबला असता. १९४९ च्या सप्टेंबरांत घटनासमितींत डॉ. आंबेडकर यांनीं आज २२ वें म्हणून असलेलें कलम मांडलें. बक्षी टेकचंद यांच्यासारख्या जुन्या न्यायाधीशांनीं त्यावर कडक टीका केली. अटकेचीं कारणें कळविणें, अर्जाची संधि आणि सल्लागार मंडळ हीं बंधनें घालून विनाचौकशी स्थानबद्धता खुद्द राज्यघटनेंत आली. १९५० च्या फेब्रुवारींत सरदार पटेलांनीं प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आणला. १९ मे १९५० रोजीं गोपालन यांच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें तो उचलून धरला. एकच कलम तोडलें, तें अटकेचीं कारणें कोर्टासही दाखवूं नयेत असें सांगणारें. १९७१ चा ‘मिसा’ हा पुढचा. आणीबाणींत त्याखालीं सुमारे ३५,००० लोक तुरुंगांत गेल्याचें शहा आयोगाच्या अहवालांत आहे. २८ एप्रिल १९७६ रोजीं सुप्रीम कोर्टाच्या चार न्यायमूर्तींनीं त्यांना हेबियस कॉर्पसचा दरवाजा बंद केला. न्यायमूर्ति खन्ना एकटे विरुद्ध राहिले, आणि २०१७ सालीं त्याच कोर्टानें तो जुना निकाल चुकीचा ठरविला.

दहशतवादाचें नांव घेऊन आलेला पहिला मोठा कायदा म्हणजे १९८५ चा, पुढें १९८७ चा, ‘टाडा’. त्याची आवश्यकता काल्पनिक नव्हती. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत मुंबईंत २५७ माणसें मेलीं, आणि त्या खटल्यांत याच कायद्याच्या कोर्टानें शंभर जणांवर गुन्हे शाबीद केले. ही बाजू झांकून ठेवणें बरोबर नाहीं. परंतु त्याच कायद्याखालीं देशांत सत्तर हजारांहून अधिक लोक धरले गेले, व शिक्षेचें प्रमाण शेंकडा दोनहूनही कमी राहिलें, हेही त्या वेळीं प्रसिद्ध झालेलेच आंकडे आहेत. १९९५ सालीं ‘टाडा’ची मुदत संपूं दिली, २००२ सालीं ‘पोटा’ आला, तो २००४ मध्यें रद्द झाला, पण त्याच वर्षीं त्यांतील बरींच कलमें १९६७ च्या बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्यांत जाऊन बसलीं. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर त्यांत आणखी कलमें आलीं : आरोपपत्रास १८० दिवसांपर्यंत मुदत, आणि आरोप वरवर खरा दिसल्यास जामीन नाहीं. २०१९ पासून संस्थेबरोबर एकट्या माणसासही दहशतवादी म्हणून जाहीर करतां येतें.

येथें जुना प्रकार व नवा यांतला फरक सांगितला पाहिजे, कारण दोन्ही एकच म्हणणें घाईचें होईल. नव्या कायद्यांत आरोप आहे, कोर्ट आहे, वकील आहे. पण खटला उभा राहण्यास वर्षें लागलीं व तोंवर जामीन मिळाला नाहीं, तर अखेर निर्दोष सुटणाराही कैद भोगूनच सुटतो; आणि ती कैद भोगविण्यास सरकारास कांहीं सिद्ध करावें लागत नाहीं. १८१८ च्या प्रस्तावनेंतलें वाक्य निराळ्या वाटेनें तेथेंच येऊन पोंचतें. कोरेगांवच्या लढाईस दोनशें वर्षें झालीं त्या प्रसंगानें ३१ डिसेंबर २०१७ रोजीं शनिवारवाड्यापुढें एल्गार परिषद भरली. तिच्यावरून उभ्या राहिलेल्या प्रकरणांत २०१८ ते २०२० पर्यंत सोळा जणांस या कायद्याखालीं पकडण्यांत आलें. त्यांच्यावरील आरोप खरे कीं खोटे हें कोर्टाचें काम, इतिहासाचें नव्हे. परंतु त्यांपैकीं चौऱ्यायशीं वर्षांचे फादर स्टॅन स्वामी हे ५ जुलै २०२१ रोजीं मुंबईंत अटकेंत असतांनाच, खटला सुरू होण्यापूर्वीं, वारले. त्यांच्यापुरता तो प्रश्न आतां कोर्टासही सोडवितां येणार नाहीं.

संग्राहकांस एक विनंति करून लेखणी आवरतों. ज्यांच्यावर खटले झाले त्यांचीं कागदपत्रें कोर्टाच्या दप्तरांत जपलीं जातात. ज्यांच्यावर झाले नाहींत त्यांचें दप्तर म्हणजे वॉरंट, सहामाही रिपोर्ट, अर्ज आणि घरीं आलेलीं पत्रें एवढेंच. नातूंच्या कैदेंतील व बेळगांवच्या मुक्कामांतील पत्रें, जप्त मिळकतीच्या याद्या, नेमणुकीच्या पावत्या, १९३० व १९३२ मधील स्थानबद्धांस बजावलेल्या नोटिसा, आणीबाणींतील ‘मिसा’चे हुकूम, असे कागद जुन्या घरांतून रद्दींत जात असतात. ते मोडींत असोत वा टंकलिखित असोत, तारीख, सही, शिक्का आणि तुरुंगाच्या तपासणीची खूण यांसह जसेच्या तसे ठेवावे. पाकिटें टाकूं नयेत, कारण पुष्कळदां तारीख त्यांवरच असते. निदान नक्कल तरी करून घ्यावी.